काळे-पांढरे चौकोन



बँड हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती लग्नाची वरात. लाल डगले, पितळेची वाद्ये आणि घोड्यावर अवघडून बसलेला नवरदेव. आज आम्ही ज्या बँडविषयी बोलणार आहोत, त्याच्या संगीतातही पितळेची वाद्ये होती आणि त्याच्यापुढेही माणसे देहभान विसरून नाचत. पण ती वरात निराळी होती. इंग्लंडातील कॉव्हेंट्री या कारखानदारीच्या शहरात १९७७ साली काही तरुण एकत्र जमले. पुढे ते सात जण झाले, आणि 'द स्पेशल्स' या नावाने त्यांचा वाद्यमेळा सर्व ब्रिटनभर गाजला. सातांपैकी पाच गोरे होते, दोन काळे. गोऱ्या-काळ्यांनी एकाच रंगमंचावर खांद्याला खांदा लावून उभे राहावे आणि लोकांना नाचता नाचता विचार करायला लावावे, एवढाच त्यांचा संकल्प. त्या संकल्पाचे काय झाले, हे आज आपण पाहू.

आता कोणी विचारील की, साता समुद्रांपलीकडच्या या नाचगाण्याशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. या मेळ्याचा सूत्रधार जेरी डॅमर्स हा १९५५ साली आपल्या निलगिरीत, उटकमंडला जन्मला. त्याचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि त्या काळी दक्षिण हिंदुस्थानात काम करीत होते. दुसरा संबंध अधिक जिव्हारी लागणारा आहे. या मेळ्याच्या इतिहासातील सर्वांत काळ्याकुट्ट वर्षी कॉव्हेंट्रीच्या रस्त्यात ज्याचे रक्त सांडले, तो विद्यार्थी भारतीय वंशाचा होता. त्याच्याकडे आम्ही यथावकाश येऊ.

शिवाय एक प्रश्न आहे, तो कोणत्याही देशाचा नाही. कलेने राजकारण करावे काय? शाहिराच्या डफाचा आवाज कानांत असलेल्या मराठी श्रोत्याला हा प्रश्न नवा नाही. पण आम्हाला वाटते, हा प्रश्न अशा रीतीने विचारला की वाद होतो, उत्तर मिळत नाही. त्याऐवजी असे विचारावे : कलावंताने आपले राजकारण ठेवावे कोठे? केवळ गीताच्या शब्दांत, की स्वतःच्या मेळ्याच्या घडणीत? स्पेशल्सच्या कहाणीत या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि त्या उत्तराची किंमतही आहे.

प्रथम त्यांच्या संगीताची जातकुळी पाहू. 'स्का' हा त्या संगीतप्रकाराचा शब्द. त्याचे माहेर जमैका. १९५०च्या दशकात किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत करमणुकीचे एक मोठे साधन होते. मालमोटारीएवढे प्रचंड ध्वनिक्षेपक मोकळ्या अंगणात लावायचे, अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या वाजवायच्या आणि रात्रभर नाचायचे. अमेरिकेतील निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांचे 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे संगीत तेथे फार लोकप्रिय होते. पुढे तशा तबकड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा जमैकाच्या वादकांनी आपलेच संगीत घडवले. त्यात अमेरिकन चाली होत्या, 'मेंटो' नावाचे जमैकाचे लोकसंगीत होते आणि एक लहानशी पण क्रांतिकारक युक्ती होती. आपण टाळी देताना एक, दोन, तीन, चार असे मोजतो. स्कामध्ये गिटार आणि पियानो त्या चार मात्रांवर आघात करीतच नाहीत. दोन मात्रांमधल्या रिकाम्या जागी ते नेमके ठोका मारतात. त्यामुळे ऐकणाराचा पाय आपोआप उचलला जातो. तो खाली ठेवायचा कोठे हे मग त्याचे त्याने पाहावे. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला, त्या सुमारास स्का हे त्या तरुण राष्ट्राच्या आनंदाचे संगीत होते.

या संगीतातील कित्येक निष्णात वादक किंग्स्टनच्या आल्फा नावाच्या शाळेत तयार झाले. ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेली, अनाथ व उनाड ठरलेल्या मुलांची ती शाळा. तेथे मुलांना शिस्तीबरोबर वाद्येही शिकवीत. त्याच शाळेत रिको रॉड्रिग्ज नावाचा मुलगा ट्रॉम्बोन शिकला आणि १९६१ साली नशीब काढायला इंग्लंडला गेला. हे नाव आपण लक्षात ठेवावे.

रिको एकटाच गेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मजूर हवे होते. २२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' नावाचे जहाज वेस्ट इंडीजमधील उतारू घेऊन टिलबरीच्या धक्क्याला लागले, आणि त्यामागोमाग हजारो माणसे आली. आगगाड्या, बसगाड्या, रुग्णालये आणि कारखाने यांची कामे त्यांनी अंगावर घेतली. हिंदुस्थान-पाकिस्तानातूनही माणसे आली. सामानाबरोबर ती आपापली गाणी घेऊन आली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातील गोऱ्या कामगारांची पोरे डोक्याचे केस बारीक कापून, जाड तळव्यांचे बूट घालून हिंडू लागली. त्यांना 'स्किनहेड' म्हणत. गंमत अशी की, या पोरांचे लाडके संगीत जमैकाचे होते. शेजारच्या काळ्या मुलांबरोबर ती त्या तालावर नाचत असत.

मग ही मैत्री नासली कशी? २० एप्रिल १९६८ रोजी इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅम येथे परकीय वसाहतकऱ्यांविरुद्ध जळजळीत भाषण केले. त्यापूर्वी एकच वर्ष, १९६७ साली, 'नॅशनल फ्रंट' हा उघड वर्णद्वेषी पक्ष स्थापन झाला होता. १९७०च्या दशकात कारखाने डळमळू लागले, महागाई भडकली, आणि बेकार गोऱ्या तरुणाला एक सोपे उत्तर देण्यात येऊ लागले : तुझी नोकरी त्या काळ्याने घेतली. ज्या डोक्यांवर केस नव्हते, त्या डोक्यांत आता हे विष ओतले जाऊ लागले. ज्याच्या संगीतावर कालपर्यंत नाचलो, त्यालाच आज रस्त्यात गाठून मारायचे, अशी ही उलटी गंगा होती. याच्या विरोधात १९७६ साली 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली आणि एप्रिल १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिचा प्रचंड मेळावा भरला.

आता कॉव्हेंट्रीकडे वळू. जगाला आधुनिक सायकल देणाऱ्या शहरांत याची गणना होते. पुढे तेथे मोटारी तयार होऊ लागल्या. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर बाँबवर्षाव केला, पाचशेहून अधिक माणसे मेली आणि मध्ययुगीन कॅथीड्रलच्या केवळ भिंती उरल्या. त्या भिंती तशाच ठेवून शेजारी नवे कॅथीड्रल बांधण्यात आले, आणि १९६२ साली ते खुले झाले. युद्धानंतर या शहरात मोटारींच्या धंद्याला एवढी बरकत आली की, आयर्लंड, स्कॉटलंड, जमैका, पंजाब अशा सर्व दिशांनी कामगार तेथे आले. आपल्या लोकांचा संबंध तर त्याहून जुना. ब्रिटनमधील 'इंडियन वर्कर्स असोसिएशन' ही संस्था १९३८ साली याच कॉव्हेंट्रीत स्थापन झाली होती. पण १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींचा धंदा बसू लागला. १९८० साली कॅनली येथील मोठ्या कारखान्यात मोटारींची जुळणी बंद पडली. भोंगा वाजायचा थांबला की गावाची छाती कशी दडपते, हे गिरणगाव पाहिलेल्या माणसास वेगळे सांगायला नको.

अशा या गावी, लँचेस्टर पॉलिटेक्निक या संस्थेत चित्रकला शिकत असताना डॅमर्सची होरेस पँटर या बास-गिटार वाजवणाऱ्या विद्यार्थ्याशी गाठ पडली. जमैकात जन्मलेला लिन्व्हल गोल्डिंग त्यांना मिळाला. पुढे गायक टेरी हॉल आणि गिटारवादक रॉडी बायर्स आले. नेव्हिल स्टेपल हाही जन्माने जमैकाचा. तो प्रथम सामान वाहायला म्हणून बरोबर येई. एके दिवशी ध्वनिक्षेपक हाती घेऊन तो जमैकन पद्धतीने तालावर बोलू लागला आणि मेळ्यातच राहिला. शेवटी जॉन ब्रॅडबरी हा ढोलवादक आला. त्याचे खरे प्रेम 'सोल' संगीतावर. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या चर्चमधील आर्त गायन नाचाच्या तालावर चढवले की सोल होते. इंग्लंडच्या उत्तर भागातील कामगार-तरुण या संगीताच्या विसरलेल्या तबकड्या शोधून काढीत आणि त्यांवर रात्र-रात्र नाचत. ब्रॅडबरीच्या हातातील धाव तेथली.

प्रारंभी हा मेळा एकाच बैठकीत दोन तऱ्हेचे संगीत वाजवी. कधी गोऱ्या तरुणांचे धसमुसळे 'पंक', तर कधी जमैकाचे संथ 'रेगे'. पण दोहोंचा सांधा जुळेना. १९७८ साली 'द क्लॅश' या नामांकित मेळ्याच्या दौऱ्यात त्यांना आधी वाजवण्याची संधी मिळाली. त्या दौऱ्यात ब्रॅकनेल या गावी नॅशनल फ्रंटच्या छायेतील स्किनहेड तरुणांनी कार्यक्रमात घुसून मारहाण केली. डॅमर्सने पुढे सांगितले आहे की, आपल्या मेळ्याची कल्पना खऱ्या अर्थाने त्या रात्री जन्मली. याच पोरांपर्यंत पोचायचे, त्यांना शिव्या देऊन भागणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले. पण त्यांना द्यायचे काय? ज्या स्कावर त्यांचे थोरले भाऊ नाचले होते, तो स्काच त्यांना परत द्यायचा. रेगेहून स्का द्रुत. पंकशी त्याचा सांधा सहज जुळला. संगीताची अडचण आणि समाजाची अडचण एकाच किल्लीने उघडली.

१९७९ साली त्यांनी स्वतःचीच ध्वनिमुद्रिका-संस्था काढली आणि तिचे नाव ठेवले 'टू टोन', म्हणजे दोन रंग. पहिली तबकडी उसन्या पैशांनी निघाली. एका बाजूस त्यांचे 'गँगस्टर्स' हे गाणे. दुसऱ्या बाजूसाठी पैसे उरले नाहीत, म्हणून गावच्याच एका मित्राची जुनी ध्वनिमुद्रित चीज तेथे घातली. त्या मित्राचा पुढे 'द सिलेक्टर' नावाचा मेळा झाला. त्याची मुख्य गायिका पॉलीन ब्लॅक ही कृष्णवर्णीय स्त्री. पुरुषांच्या त्या गर्दीत टोपी घालून तिने जो दरारा निर्माण केला, तो या चळवळीचा एक मोठा ठेवा आहे.

या संस्थेचे बोधचिन्ह असे : काळा सूट, पांढरा सदरा, काळा टाय, पांढरे मोजे, डोक्यावर चपटी टोपी घातलेला एक माणूस. जमैकाचा गायक पीटर टॉश याच्या एका छायाचित्रावरून ते काढले होते. भोवती बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. बाकी काही नाही. या चौकोनांत आम्हाला त्यांचे सारे तत्त्वज्ञान दिसते. त्यात काळा रंग पांढऱ्यात मिसळून करडा होत नाही. काळा काळाच राहतो, पांढरा पांढराच. पण एकाला वगळले तर नक्षीच उरत नाही. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही हे चिन्ह शहाणपणाचे होते. कोणत्याही गरीब पोराला काळ्या-पांढऱ्या कपड्यांत तो वेश करता येई आणि आपण कोणत्या बाजूचे आहोत हे न बोलता सांगता येई.

टू टोनची व्यवहारनीतीही पाहण्याजोगी आहे. क्रिसॅलिस या बड्या कंपनीशी त्यांनी करार केला. पण टू टोनने ज्या नव्या मेळ्यांच्या तबकड्या काढायच्या, त्यांना एका तबकडीनंतर वाटेल तेथे जाण्याची मोकळीक ठेवली. 'मॅडनेस' आणि 'द बीट' हे पुढे गाजलेले मेळे याच दारातून बाहेर पडले. सात मुलींचा 'द बॉडीस्नॅचर्स' हा मेळाही येथलाच. नोव्हेंबर १९७९ मध्ये ब्रिटनच्या सर्वांत लोकप्रिय दूरदर्शन-कार्यक्रमात एकाच दिवशी स्पेशल्स, सिलेक्टर आणि मॅडनेस असे टू टोनच्या कुळातले तीन मेळे झळकले.

स्पेशल्सचा पहिला गीतसंग्रह ऑक्टोबर १९७९ मध्ये एल्व्हिस कॉस्टेलो याच्या देखरेखीखाली निघाला. त्यातील 'अ मेसेज टू यू, रूडी' हे गाणे मूळ डँडी लिव्हिंगस्टनचे, १९६७ सालचे. मूळ तबकडीत ट्रॉम्बोन वाजवला होता आल्फा शाळेच्या त्या रिकोने. स्पेशल्सनी ते पुन्हा केले तेव्हा त्यांनी शोध घेऊन रिकोलाच बोलावले. बारा वर्षांनी तोच माणूस, तेच वाद्य, तेच गाणे. परक्याचे संगीत उचलून त्यावर पैसा करणारे पुष्कळ असतात. ज्याचे आहे त्याला सन्मानाने शेजारी उभे करणारे थोडे. आमच्या मते स्पेशल्सचे राजकारण त्यांच्या कोणत्याही घोषणेपेक्षा या कृतीत अधिक स्पष्ट दिसते.

त्यांची गाणी निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये खपाच्या यादीत पहिले आलेले 'टू मच टू यंग' हे गाणे अल्पवयात आई झालेल्या मुलीला खडे बोल सुनावते. तिच्या पदरी दया फार थोडी पडते, आणि ही टीका त्यांच्यावर झालीही. उलट, बेकारी, रात्रीची मारामारी, कंटाळा, पोलिसांचा जाच हे विषय त्यांनी इतक्या साध्या बोलीत मांडले की, कारखान्यातल्या पोराला ते आपलेच बोलणे वाटले. टेरी हॉल गाताना हसत नसे. चेहरा मख्ख ठेवून तो दुःख सांगे, आणि पाठीमागे ताल मात्र उड्या मारीत असे. हा विरोध हेच त्यांचे मर्म.

कार्यक्रमाच्या शेवटी श्रोते रंगमंचावर चढत आणि गाणारे व ऐकणारे एकत्र नाचत. दृश्य मोठे मनोहर असे, पण त्यात धोकाही होता. द्वेष घेऊन आलेले तरुणही त्याच तिकिटावर आत येत. कित्येकदा गाणे थांबवून मारामारी सोडवावी लागे. ऑक्टोबर १९८० मध्ये केंब्रिज येथे असाच दंगा आवरायला गेलेल्या डॅमर्स आणि हॉल यांच्यावरच खटला होऊन त्यांना दंड झाला. त्याच वर्षी लिन्व्हल गोल्डिंगला लंडनमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी जबर मारहाण केली. त्याने त्यावर गाणे लिहिले. त्याचे नाव फक्त 'व्हाय?', म्हणजे 'का?'. मार खाल्लेला माणूस शाप देऊ शकला असता. त्याने प्रश्न विचारला.

आणि मग १९८१ साल उजाडले. एप्रिल महिन्यात कॉव्हेंट्रीच्या मध्यवर्ती बाजारपेठेत भारतीय वंशाच्या एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला स्किनहेड टोळक्याने भोसकून ठार केले. त्याचा अपराध त्याच्या कातडीचा रंग, एवढाच. मे महिन्यात शहरात निषेधाचा मोर्चा निघाला आणि त्यावरही हल्ले झाले. जूनमध्ये एका आशियाई डॉक्टरचा असाच बळी गेला. ज्या गावाने गोऱ्या-काळ्यांच्या ऐक्याचे गाणे देशाला दिले, त्याच गावात हे घडत होते. स्पेशल्स काय करू शकत होते? जे येत होते ते त्यांनी केले. २० जून रोजी कॉव्हेंट्रीच्या बट्स क्रीडांगणावर वर्णद्वेषाविरुद्ध त्यांनी आपला कार्यक्रम केला. दंगलीच्या भीतीने पुष्कळ लोक घरीच राहिले. पण जे आले, त्यांत शीख, जमैकन आणि गोरे तरुण शेजारी शेजारी उभे होते.

त्याच महिन्यात त्यांचे 'घोस्ट टाउन', म्हणजे भुताचे गाव, हे गाणे बाहेर पडले. ग्लासगो शहरात म्हाताऱ्या बाया रस्त्यावर आपल्या घरातील कपबश्या विकायला बसलेल्या डॅमर्सने दौऱ्यात पाहिल्या होत्या. गावोगावी नाचघरे बंद, दुकानांना फळ्या ठोकलेल्या. हे सारे त्याने एका गाण्यात आणले. लेमिंग्टन येथील एका लहानशा खोलीवजा ध्वनिमुद्रणशाळेत जॉन कॉलिन्स या निर्मात्याने ते मुद्रित केले. वाऱ्याचा घोंघाट, ऑर्गनचे अशुभ वाटणारे स्वर, रिकोच्या ट्रॉम्बोनचा विलाप आणि भुतांनी फेर धरावा तसे सामुदायिक गायन; नाचाचे गाणे इतके भयाण क्वचितच झाले असेल. एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल झालीच होती. जुलैत साउथॉल, लिव्हरपूलचा टॉक्स्टेथ भाग, मँचेस्टर, बर्मिंगहॅम अशी एकामागून एक शहरे पेटली. आणि त्याच जुलैत 'घोस्ट टाउन' खपाच्या यादीत तीन आठवडे पहिले होते. बेकारांचा आकडा पंचवीस लाखांच्या वर गेला होता. वृत्तपत्रे जे समजावून सांगू शकली नाहीत, ते एका नाचाच्या तबकडीने सांगितले. त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस होते गोल्डिंगचे 'का?'.

परंतु, श्रोतेहो, खरी शोकांतिका येथेच आहे. देश ज्या मेळ्याच्या तोंडाने बोलत होता, त्या मेळ्यातील माणसे एकमेकांशी नीट बोलत नव्हती. सतत दौरे, थकवा, श्रेय आणि पैसा यांवरून कुरबुरी, डॅमर्सचा प्रत्येक सुरावर धरलेला हट्ट. समतेचा मेळा, पण त्याचा कारभार एका माणसाच्या मनाप्रमाणे चालतो, असे इतरांना वाटू लागले होते. 'घोस्ट टाउन'च्या मुद्रणाच्या वेळीही भांडणे झाली. गाणे शिखरावर असतानाच हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग बाहेर पडले आणि त्यांनी 'फन बॉय थ्री' हा निराळा मेळा काढला. मेळ्यातील दोन्ही कृष्णवर्णीय कलावंत एकाच दिवशी गेले. पट मोडला.

डॅमर्स मागे राहिला. 'द स्पेशल ए.के.ए.' या नावाने त्याने नवी माणसे जमवली. १९८२च्या जानेवारीत बलात्कारावरचे 'द बॉयलर' हे अंगावर काटा आणणारे गाणे ऱ्होडा डाकार हिच्या आवाजात त्याने काढले. १९८३ साली नेल्सन मंडेला यांच्या पासष्टाव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये झालेल्या कार्यक्रमास तो श्रोता म्हणून गेला होता. मंडेलांविषयी त्याला तोवर फारशी माहिती नव्हती. तेथे वाटलेली पत्रके वाचून त्याने, आधीच सुचलेल्या एका चालीवर, शब्द रचले. मार्च १९८४ मध्ये निघालेले 'नेल्सन मंडेला' हे ते गाणे. एकवीस-बावीस वर्षे बंदिवासात असलेल्या माणसावरचे गाणे रडके असावे, अशी आपली अपेक्षा. हे गाणे मात्र नाचते. मुक्तता अजून झालेली नाही. पण ती होणारच, आणि झाल्यावर लोक कसे नाचतील याची रंगीत तालीमच जणू. ब्रिटनच्या यादीत ते पहिल्या दहांत आले, दक्षिण आफ्रिकेत त्यावर बंदी आली, आणि ज्यांनी मंडेलांचे नावही ऐकले नव्हते अशा लक्षावधी तरुणांना ते पाठ झाले.

डॅमर्सने १९८६ साली ब्रिटनमध्ये 'आर्टिस्ट्स अगेन्स्ट अपार्थाइड' ही कलावंतांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. ११ जून १९८८ रोजी मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त वेम्ब्ली येथे झालेला कार्यक्रम साठांहून अधिक देशांत प्रक्षेपित झाला. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला मुक्त झाले आणि एप्रिलमध्ये त्याच वेम्ब्लीत स्वतः उपस्थित राहिले. गाण्याने तुरुंगाचे दार उघडले असे आम्ही म्हणणार नाही. ते दार दक्षिण आफ्रिकेच्या जनतेने, प्राण देऊन, उघडले. पण दाराबाहेर जग जागे ठेवण्याचे काम गाण्याने केले. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने डॅमर्सला ऑलिव्हर टांबो यांच्या नावाचा राष्ट्रीय सन्मान दिला. दुसरीकडे, त्याच्या त्या गीतसंग्रहाला दोन वर्षांहून अधिक काळ लागला, कंपनीचे मोठे कर्ज डोक्यावर बसले आणि मेळा संपला. सन्मानाचा आणि कर्जाचा धनी एकच.

पुढची हकीकत थोडक्यात. २००९ साली जुने सहकारी पुन्हा एकत्र येऊन दौऱ्यावर निघाले, पण डॅमर्सवाचून. त्यावरून वादही झाला. २०१५ मध्ये रिको आणि ब्रॅडबरी दोघेही गेले. २०१७ साली बर्मिंगहॅममध्ये वर्णद्वेषी निदर्शकांच्या म्होरक्यासमोर एक तरुणी खिशात हात घालून शांतपणे हसत उभी असल्याचे छायाचित्र जगभर गेले. तिच्या अंगात स्पेशल्सचे नाव असलेला सदरा होता. मेळ्याने तिला बोलावून आपल्या नव्या संग्रहात तिचा आवाज घेतला. 'एन्कोर' हा तो संग्रह २०१९च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या यादीत पहिला आला. चाळीस वर्षांत त्यांच्या गीतसंग्रहाला हा मान प्रथमच मिळत होता. १८ डिसेंबर २०२२ रोजी टेरी हॉल निवर्तला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. कलावंताने राजकारण ठेवावे कोठे? स्पेशल्सनी ते मेळ्याच्या घडणीत ठेवले. कोण कोणाच्या शेजारी उभे आहे, कोणाचा ताल कोणाच्या चालीला आधार देतो, मूळ वादकाला परत बोलावले की नाही, नव्या मेळ्याला मोकळीक दिली की बांधून घातले, या गोष्टी त्यांनी बोलण्यापूर्वी करून दाखवल्या. म्हणून त्यांच्या शब्दांना वजन आले. गोरा पोरगा सभेला गेला नसता, पत्रक वाचले नसते. पण तो नाचायला आला, आणि ज्याला मारायला शिकवले होते त्याच्याच तालावर आपला पाय पडतो आहे, हे त्याला कळले. सगळ्यांना कळले नाही. कॉव्हेंट्रीतला तो विद्यार्थी गाण्याने वाचला नाही. हे कबूल न करणारा माणूस कलेचा मित्र नव्हे, तो तिचा भाट आहे.

आणि घडणीत ठेवलेले राजकारण रोज सांभाळावे लागते, हा दुसरा धडा. शब्द एकदा लिहिले की राहतात. सात माणसांचे ऐक्य रोज सकाळी नव्याने करावे लागते. प्रवासाच्या गाडीत, पैशांच्या वाटणीत, कोणाचे ऐकले जाते या साध्या प्रश्नात ते टिकते किंवा मोडते. रंगमंचावर समता गाणे सोपे, पडद्यामागे ती पाळणे अवघड. स्पेशल्स तेथे हरले. तरी त्यांच्या हरण्याने त्यांचे गाणे खोटे ठरत नाही. ते ठरले असते, तर छत्तीस वर्षांनी त्या मुलीने तो सदरा घालून उभे राहण्याचे कारण नव्हते.

दोन मात्रांमधली रिकामी जागा हीच स्काची खरी जागा, असे आम्ही मघा सांगितले. समाजातही दोन जमातींमध्ये, दोन वस्त्यांमध्ये अशा रिकाम्या जागा असतात. तेथे बहुधा भीती येऊन बसते. कॉव्हेंट्रीच्या सात जणांनी काही काळ तेथे ताल धरून दाखवला. तो आपल्याला कोठे धरता येईल, याचा विचार करीत आपण घरी जावे, एवढीच विनंती.